दुप्पट माल म्हणजे दुप्पट खर्च? तापमानाच्या सूत्रातून शिका खर्चाचं गणित

व्हिडिओत फळ्यावर काढलेली सरळ रेषा आज वहीत उतरवूया.

महाडहून रायगडाकडे जाताना लागणारं नाते हे सी. डी. देशमुखांचं जन्मगाव. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. पुढे ते अर्थमंत्री असताना १९५५ मध्ये दशमान नाण्यांचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. रुपया सोळा आण्यांचा, म्हणून एका आण्याचे सव्वासहा पैसे. चार आण्यांचे २५, आठ आण्यांचे ५०. आणे दुप्पट, तर पैसेही दुप्पट. सोपं!

तापमानात मात्र असं होत नाही. २० अंश सेल्सियस म्हणजे ६८ फॅरेनहाइट, पण ४० अंश म्हणजे १३६ नव्हे, १०४! कारण सेल्सियस ० असतं तेव्हा फॅरेनहाइट आधीच ३२ वर असतं. पाणी उकळतं तेव्हा १०० ला २१२. म्हणजे १०० अंशांत १८० ची वाढ, दर अंशाला १.८.

फॅरेनहाइट = (१.८ × सेल्सियस) + ३२

दोन्ही रेषा सरळच. एक शून्यापासून निघते, दुसरी ३२ पासून. तुमच्या धंद्याचा खर्च दुसऱ्या प्रकारचा असतो.

समजा, तुम्ही कोकम सरबताच्या बाटल्या गडावर येणाऱ्या पर्यटकांना विकता. एका महिन्यात ४०० बाटल्यांना २६,००० रुपये खर्च आला, दुसऱ्या महिन्यात ६०० ला ३६,०००. वाढ बघा: २०० बाटल्यांना १०,०००, म्हणजे बाटलीमागे ५० रुपये. ४०० × ५० = २०,०००. उरलेले ६,००० म्हणजे भाडं, लाइटबिल. हा तुमचा '३२'! एकही बाटली विकली नाही तरी तो द्यावाच लागतो.

आता विक्री ६५ रुपयांना. बाटलीमागे १५ सुटतात; ६,००० भागिले १५ = ४००. इतक्या बाटल्यांना ना नफा, ना तोटा. पावसाळ्यात २०० च खपल्या, तर खर्च निम्मा होत नाही, १६,००० येतो. विक्री १३,०००. तीन हजार खिशातून गेले!

एक लक्षात ठेवा, नवा माणूस किंवा मोठी जागा घेतली की '३२' बदलतो. मग रेषा नव्याने मांडायची.

आज रात्री तुमच्या दोन महिन्यांचे आकडे घ्या आणि तुमचा '३२' शोधा. भाव त्यानंतरच ठरवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!