डॉक्टर नसलात तरी चालेल

प्रश्न : मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. प्राणी-कीटकांमधून माणसांत येणाऱ्या रोगांवर संशोधन करायचं मनात आहे. घरचे म्हणतात, ते डॉक्टरांचं काम. खरं का?
– एक विद्यार्थिनी, सुलतानपूर (ता. लोणार, जि. बुलडाणा)

उत्तर : रुग्णाला डॉक्टर हवा, हे खरं. पण विषाणू कुठे दडतो, कोणता कीटक तो वाहून नेतो, हे शोधायला तुमचंच शास्त्र लागतं. चंडीपुरा विषाणू तर विदर्भातलाच. १९६५ मध्ये नागपूर भागातल्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या शास्त्रज्ञांना तो सापडला. तो पसरवणारी वाळूमाशी कीटकशास्त्रज्ञाच्याच हाती लागते.

एम.एस्सी.चा प्रकल्प पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत करता येईल का, हे आपल्या प्राध्यापकांमार्फत आताच विचारा. पुदुच्चेरीच्या रोगवाहक नियंत्रण संशोधन केंद्राकडेही चौकशी करा. पुढे जीवशास्त्राची नेट देऊन कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली, तर पीएच.डी. करताना दरमहा विद्यावेतन मिळतं. घरच्यांना हे आधी सांगा! संख्याशास्त्र मात्र टाळू नका; बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

पैसे घेऊन ‘संशोधन प्रमाणपत्र’ देणाऱ्यांपासून लांब राहा. आणि उत्साहाच्या भरात वटवाघळं, उंदीर स्वतः पकडू नका. त्यासाठी परवानगी, प्रशिक्षण आणि आधी घेतलेली रेबीजची लस लागते.