मनोऱ्यांचे शहर

स्पेनच्या नैऋत्य किनाऱ्यावर जमिनीची एक चिंचोळी पट्टी अटलांटिक महासागरात शिरली आहे. तिच्या टोकाशी कादिस हे शहर वसले आहे. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी फिनिशियन नावाच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांनी ते वसविले, असे परंपरा सांगते. त्यांनी त्याला ‘गादिर’, म्हणजे तटबंदीची जागा, असे नाव दिले होते.

आम्ही चौघे सेव्हिलहून सकाळच्या आगगाडीने तेथे पोहोचलो. हाती एकच दिवस होता. जुन्या शहरातील गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या सज्जांतून शेजाऱ्यांना सहज बोलता यावे. घरांच्या कोपऱ्यांशी जुन्या तोफा उभ्या पुरलेल्या दिसत होत्या.

“बाबा, या तोफा इथे का पुरल्या?” धाकटीने विचारले.

“वळताना गाड्यांची चाके भिंतींना घासू नयेत म्हणून,” मी म्हणालो. तोफेचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही!

तेथून आम्ही ताविरा मनोऱ्यावर गेलो. गच्चीवरून पाहिले, तो चोहीकडे घराघरांवर मनोरे! असे सुमारे सव्वाशे मनोरे आजही उभे आहेत. अमेरिकेशी चालणाऱ्या व्यापाराची कचेरी १७१७ साली सेव्हिलहून कादिसला आली आणि शहराचे दैव पालटले. सारी संपत्ती समुद्रावर तरंगत असे. म्हणून व्यापारी आपापल्या घरावर मनोरा बांधीत आणि परतणाऱ्या जहाजांची वाट पाहत. ताविरा हा १७७८ साली बंदराचा अधिकृत टेहळणी मनोरा ठरला. पहिल्या टेहळ्याचेच नाव त्याला मिळाले.

या मनोऱ्यात १९९४ पासून एक अंधारी खोली आहे. छतावरील आरसा व भिंग यांच्या योगे बाहेरचे शहर खोलीतील पांढऱ्या, खोलगट थाळीवर उमटते. हे चित्र हलते! वाळत घातलेले कपडे फडफडत होते, समुद्रपक्षी उडत होते. दाखविणाऱ्या बाईंनी थाळीवर कागदाचा तुकडा धरून रस्त्यावरचा एक माणूस अलगद उचलला, तेव्हा मुले खदखदून हसली.

खाली उतरताना थोरल्याने विचारले, “जहाजांतून काय येत असे?”

“मुख्यतः चांदी.”

“ती कोणाची?” धाकटी म्हणाली.

प्रश्न नेमका होता. अमेरिकेतील खाणींत तेथील मूळ रहिवाशांना सक्तीने राबवून ती चांदी काढली जात असे, हे मी तिला सांगितले. मनोऱ्यावरून जहाज दिसे. खाण दिसत नसे.

दुपारी कागदाच्या पुडीतले तळलेले मासे खाल्ले. ते उत्तम होते, पण आमच्या जिभांना तिखटाची आठवण झालीच. पिवळ्या घुमटाचे महामंदिर बाहेरूनच पाहिले. १७२२ साली सुरू झालेले त्याचे बांधकाम १८३८ साली संपले. १९८० साली उजेडात आलेल्या रोमन नाट्यगृहातही आम्ही फार वेळ थांबलो नाही. मला ओढ होती ती सान फेलिपे नेरी या प्रार्थनामंदिराची.

१८१० साली नेपोलियनच्या सैन्याने कादिसला वेढा घातला. खाडीपलीकडून तोफगोळे येत होते. त्या गोळ्यांतील शिशाने कादिसच्या बायका केस कुरळे करीत, असे तेथील लोकगीतांत गमतीने सांगितले जाते. अशा वेळी स्पेनचे आणि अमेरिकेतील वसाहतींचे प्रतिनिधी याच मंदिरात बसून राज्यघटना लिहीत होते. ती १९ मार्च १८१२ रोजी जाहीर झाली. सार्वभौम सत्ता राजाची नव्हे, राष्ट्राची, असे तिने सांगितले. पुढे १८१४ साली राजा परत आला आणि त्याने ती रद्द केली.

“बायकांना मत होते का?” कन्येने विचारले.

“नव्हते. स्पेनमध्ये तो हक्क त्यांना १९३१ साली मिळाला.”

तिने मनाशी हिशेब केला. “एकशे एकोणीस वर्षांनी,” ती म्हणाली आणि पुन्हा एकदा त्या भिंतीवरील स्मृतिफलकांकडे पाहू लागली.

सायंकाळी आम्ही ला कालेता या छोट्या पुळणीवर बसलो. ओहोटी लागली होती. उघड्या पडलेल्या खडकांवर काही मुले खेकडे शोधीत होती. लहान होड्या दोरीला बांधलेल्या होत्या, आणि त्यांच्यापलीकडे अमेरिकेपर्यंत पाणीच पाणी होते.