नागीण आणि डोळा

कपाळाच्या एका बाजूला आग होते. डोके ठणकते. दोन-चार दिवसांत तिथे लाल पुरळ येते, पाण्याचे फोड उठतात. ही नागीण.

आपल्याकडे म्हणतात, "नागिणीचं तोंड शेपटीला भिडलं का माणूस दगावते." हे खरे नाही. लहानपणी कांजिण्या येतात. त्या बऱ्या होतात, पण त्यांचे जंतू मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतात. वय झाले, अंगातली ताकद कमी झाली, म्हणजे ते पुन्हा उठतात आणि त्याच तंतूच्या वाटेने कातडीवर येतात. म्हणून फोड बहुधा एकाच बाजूला राहतात. वेढा पुरा होत नाही.

भीती आहे ती डोळ्याची. कपाळ, नाक आणि डोळा यांना एकाच मज्जातंतूचे फाटे जातात. नाकाच्या शेंड्यावर फोड आला, तर डोळ्याला मोठा धोका समजावा. नाही आला, तरी गाफील राहू नये. बुबुळावर जखम होते, पांढरा डाग पडतो, दिसणे कमी होते. कधी बुबुळ बधिर होते. मग डोळा दुखत नाही, पण बिघडत जातो.

यावर ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या आहेत. पुरळ दिसल्यापासून ३ दिवसांच्या आत सुरू केल्या तर चांगला गुण येतो. उशीर झाला तरी डॉक्टरकडे जावेच. काव फासत बसू नये. दुकानातले थेंब मनाने डोळ्यात घालू नयेत.

अमरावतीला इर्विन दवाखाना आहे, अकोल्याला सर्वोपचार रुग्णालय आहे. आम्ही एवढेच सांगतो, मंत्र मागून म्हणा, आधी एस.टी. धरा.