डोक्याला मुका मार लागला तर…

मैत्रिणींनो, नळावर पाय घसरतो, म्हैस ढकलते, गाडीवर मागं बसलेली बाई खड्ड्यात उसळून खाली पडते. रक्त नाही, जखम नाही. "मुका मार हाय, जाईल दोन दिवसांत," म्हणत आपण परत कामाला लागतो. डोक्याच्या बाबतीत हे महागात पडू शकतं.

आत काय होतं?
भरलेल्या कळशीला धक्का बसला की पाणी हिंदकळतं, कळशीला पोचा पडो न पडो. तसाच कवटीच्या आत मेंदू हादरतो. डॉक्टर याला 'कन्कशन' म्हणतात. शुद्ध हरपलीच पाहिजे असं नाही. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, उजेड-आवाज सहन होत नाही, माणूस तेच तेच विचारतं, चिडचिड करतं. त्रास काही तासांनीही सुरू होतो.

लगेच 108 ला फोन कधी?
- पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी
- झटके, बेशुद्धी किंवा उठवूनही जाग न येणं
- बोबडं बोलणं, हातापायातली ताकद जाणं, माणसं न ओळखणं
- एक बाहुली मोठी, एक लहान दिसणं
- नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणं
- लहान लेकरू रडायचं थांबत नसेल, दूध पीत नसेल

झटके आले तर कांदा-चप्पल हुंगवू नका. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. म्हातारी माणसं, गरोदर बाई आणि रक्त पातळ होण्याची गोळी घेणारे यांना लक्षणं नसली तरी डॉक्टरकडे न्या.

घरी काळजी
पहिले दोन दिवस एकटं सोडू नका. डॉक्टरांनी घरी पाठवलं असेल तर झोपू द्या. झोपू नये हा गैरसमज आहे. दुखण्याची गोळी विचारूनच द्या, मनानं अ‍ॅस्पिरिन नको. मोबाईल-टीव्ही कमी. दारू आणि गाडी चालवणं बंद. मग घरातल्या घरात हलकं काम, त्रास वाढला नाही तर हळूहळू बाकीचं. बहुतेकांना दोन आठवड्यांत बरं वाटतं, लेकरांना महिनाही लागतो. पूर्ण बरं होण्याआधी पुन्हा डोक्याला मार लागला तर धोका मोठा.

'रिपोर्ट नॉर्मल' म्हणजे काय?
सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा मोडलेलं हाड दिसतं. नुसता हादरा दिसत नाही. म्हणून लातूरच्या सरकारी दवाखान्यातून नॉर्मल रिपोर्ट घेऊन आलेल्या बाईला "आता ऊठ, सोयाबीन काढायला चल" म्हणायचं नाही. तिचा त्रास खोटा नसतो. तिची विश्रांती हेच तिचं औषध आहे, आणि ते घरच्यांनीच द्यायचं असतं.

बैठकीत ठरवूया
गटातल्या एखादीला असा मार लागला तर आठवडाभर तिचं पाणी कोण भरणार, जनावरांचं कोण बघणार, रात्री सोबतीला कोण राहणार? घरच्यांना समजावायला कोण जाणार? आणि एक ठराव: गाडीवर मागं बसणारीनंही हेल्मेट घालायचं, पदर-ओढणी आवरून बसायचं. मागच्यालाही हेल्मेट कायद्यानं सक्तीचं आहे.