पडद्यावरचा पाटील

मंडळी, आज आपण एका नटाची गोष्ट वाचू. नट म्हणजे नाटकात किंवा सिनेमात दुसऱ्याचे सोंग घेऊन काम करणारा माणूस. या नटाचे नाव निळू फुले.

नाव वाचायला सोपे आहे. अक्षरे अवघी चार. त्यात एकही जोडाक्षर नाही. म्हणून एका रात्री वर्गात आम्ही हे नाव फळ्यावर लिहिले. पुढच्या रांगेतल्या एका मावशींनी ते बोट फिरवीत वाचले. नि... ळू... फु... ले. वाचून झाले आणि त्यांचा चेहराच बदलला.

"अगं बया, ह्यो तर त्यो मेला! गुरुजी, पुसा ते नाव. असल्या माणसाचं नाव आम्हांला कशाला शिकवता?"

वर्गात हशा झाला. पण मावशी हसल्या नाहीत. त्यांनी जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहिला होता. पुढे पंचायतीच्या टेलिव्हिजनवरही पाहिला होता. पांढरे धोतर, डोक्याला टोपी, बारीक डोळे, आणि खाली दाबलेला आवाज. गरिबाची जमीन लाटणारा, बायाबापड्यांवर वाईट नजर ठेवणारा पाटील. तो माणूस मावशींच्या मनात घर करून बसला होता.

आम्ही म्हटले, "मावशी, आधी गोष्ट तर ऐका. मग नाव पुसायचं की ठेवायचं, ते तुम्हीच ठरवा."

तीच गोष्ट आज तुम्हांला सांगतो.

रुपयातले दोन आणे

निळू फुले यांचा जन्म 1930 साली झाला. ते पुण्याचे. घरची परिस्थिती बेताची. खाणारी तोंडे पुष्कळ आणि मिळकत थोडी. तरुणपणी त्यांनी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम धरले. झाडांना पाणी घालावे, वाफे करावेत, रोपे लावावीत, हे त्यांचे काम. आपली स्वतःची रोपवाटिका काढावी असे त्यांच्या मनात होते. पण त्याला भांडवल हवे. ते कोठून आणणार?

त्यांना पगार होता महिना 80 रुपये. त्यांतले 10 रुपये ते दर महिन्याला राष्ट्र सेवा दलाला देत. आता हिशेब करा. ऐंशीतले दहा म्हणजे आठवा हिस्सा. आपल्या जुन्या भाषेत सांगायचे तर रुपयातले दोन आणे. पोट भरल्यावर उरलेले देणे सोपे असते. अर्धपोटी माणसाने दोन आणे बाजूला काढणे सोपे नसते.

हे सेवा दल काय होते? ती तरुणांची संघटना. देश पारतंत्र्यात होता तेव्हा, 1941 साली, तिची नव्याने उभारणी झाली. जातपात मानू नये, श्रम करावेत, सर्वांनी मिळून देश उभा करावा, ही तिची शिकवण. सेवा दलाचे एक कलापथक होते. हे पथक गावोगाव जाई. गाणी, वग, लोकनाट्ये करी. भाषणाला लोक पेंगतात, पण वगाला रात्रभर जागतात. म्हणून जे सांगायचे ते वगातून सांगायचे. निळूभाऊ याच पथकात तयार झाले. नटाची कोणतीही शाळा त्यांनी पाहिली नव्हती. माणसे पाहिली, तीच त्यांची शाळा.

वगातून सिनेमात

पुढे 'कथा अकलेच्या कांद्याची' या वगाने त्यांचे नाव झाले. हा वग शंकर पाटील यांनी लिहिला होता. निळूभाऊंच्या जोडीला राम नगरकर होते. दोघांची जोडी लोकांना फार आवडली.

नंतर 1968 साली 'एक गाव बारा भानगडी' हा सिनेमा आला. अनंत माने यांनी तो काढला. त्यात निळूभाऊंनी झेलेअण्णाचे काम केले आणि महाराष्ट्र त्यांना ओळखू लागला. 1972 साली व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' आला. त्यातही ते होते. त्याच साली विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' हे नाटक रंगभूमीवर आले. त्यातला सखाराम निळूभाऊंनी केला. त्या नाटकावरून मोठे वादळ उठले. नाटकावर बंदी आली, प्रकरण कोर्टात गेले आणि बंदी उठली.

यानंतर पाटील, सरपंच, सावकार, पुढारी अशी कामे त्यांच्याकडे येतच राहिली. वाईट माणूस दाखवायचा म्हणजे निळू फुले, असे समीकरणच होऊन बसले.

आता यात एक खुबी आहे, ती ध्यानात घ्या. तोवर सिनेमातला वाईट माणूस बहुधा ओरडे. डोळे वटारी, मिशा पिळी, गडगडाट करून हसे. निळूभाऊ तसे करीत नसत. ते हळू बोलत. मान जराशी तिरकी करीत. शब्द सावकाश, चघळल्यासारखा टाकीत. समोरच्याला वाटावे, किती आपुलकीने बोलतो आहे! आणि त्याच वेळी अंगावर काटा यावा. का बरे? कारण खरा लबाड माणूस असाच असतो. तो ओरडत नाही. तो गोड बोलतो.

एक मास्तर आणि एक पाटील

'सामना' नावाचा एक सिनेमा आहे. तो लिहिला विजय तेंडुलकरांनी आणि दिग्दर्शन केले डॉ. जब्बार पटेल यांनी. दिग्दर्शन म्हणजे कोणी कोठे उभे राहावे, काय करावे, कसे बोलावे, हे सर्व बसवून घेणे. हा सिनेमा 1975 साली थेट जर्मनीतल्या बर्लिन शहरी महोत्सवात दाखवला गेला.

गोष्ट आपल्या खेड्यातलीच आहे. हिंदुराव धोंडे पाटील नावाचा साखर कारखान्याचा बडा माणूस. गाव त्याच्या मुठीत. हे काम निळूभाऊंचे. त्या गावात एक म्हातारा, दारूच्या आहारी गेलेला मास्तर येतो. एके काळी तो स्वातंत्र्याच्या लढ्यात होता. हे काम डॉ. श्रीराम लागू यांचे. गावातला मारुती कांबळे नावाचा एक माणूस नाहीसा झालेला असतो. त्याचे काय झाले, एवढेच मास्तर विचारीत राहतो. पाटील त्याला खाऊपिऊ घालतो, मानाने वागवतो, गोड बोलतो. पण मास्तरचा प्रश्न काही थांबत नाही. हातात काठी नाही, पैसा नाही, माणसे नाहीत. आहे तो एक प्रश्न. आणि त्या एका प्रश्नाने पाटलाची सत्ता हादरते.

आम्ही जन्मभर मास्तरकी केली. म्हणून हा सिनेमा आम्हांला जिव्हारी लागला. आम्हीही किती वेळा विचारायचा प्रश्न गिळून गप्प बसलो, ते आमचे आम्हांला ठाऊक.

निळूभाऊंना निराळे काम मिळाले तर तेही ते तितकेच चोख करीत. 1979 सालच्या 'सिंहासन' सिनेमात ते दिगू टिपणीस नावाचे बातमीदार झाले. मोठमोठ्या पुढाऱ्यांची खुर्चीसाठी चाललेली धडपड हा बातमीदार जवळून पाहतो. ज्या नटाने पुढाऱ्याचे सोंग घेतले, त्यानेच पुढाऱ्यावर नजर ठेवणाऱ्याचेही सोंग घेतले. हिंदी सिनेमातही त्यांनी कामे केली. 1984 सालच्या 'सारांश'मध्ये ते पुन्हा पुढारी होते, आणि त्यांच्यासमोर उभा होता एक निवृत्त म्हातारा मास्तर!

सोंग आणि माणूस

मग हा माणूस खरा कसा होता?

पडद्यावर ते गरिबाला नाडीत. पडद्याबाहेर ते गरिबांसाठी झटणाऱ्या माणसांत वावरत. पडद्यावर ते बायकांना त्रास देत. पडद्याबाहेर त्यांची रीत साधी आणि सभ्य होती. पडद्यावरचे त्यांचे लोक गावाला अडाणी ठेवू पाहत. पडद्याबाहेर ते अंधश्रद्धा घालवण्याच्या चळवळीला साथ देत.

सामाजिक कृतज्ञता निधी म्हणून एक निधी उभा राहिला. जे कार्यकर्ते सगळा वेळ लोकांच्या कामाला देतात, त्यांच्या घरची चूल पेटावी म्हणून त्यांना दरमहा थोडे मानधन द्यायचे, असा तो विचार. डॉ. लागू यांच्याबरोबर निळूभाऊही या कामात होते. पडद्यावर हे दोघे एकमेकांचे वैरी, आणि इकडे दोघे मिळून चांगल्या कामासाठी पैसा गोळा करतात! माळीकामाच्या पगारातले दोन आणे देणारा हात मोठेपणीही आखडला नाही.

1991 साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. 13 जुलै 2009 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

मंडळी, आपल्याकडे रामलीलेत रावण करणाऱ्याला कोणी जन्माचा राक्षस म्हणत नाही. बहुरूपी पोलिस होऊन दारात येतो तेव्हा आपण हसून त्याला पसाभर धान्य घालतो. मग सिनेमातच का फसावे? सिनेमात तर नटाचे शब्दही दुसऱ्याने लिहिलेले असतात. कपडे दुसऱ्याने दिलेले असतात. एकच प्रसंग पुन्हा पुन्हा करून घेतात, आणि चांगला जमेल तो ठेवतात. पण पडद्यावर चेहरा एवढा मोठा दिसतो, एवढा जवळ येतो, की आपण हे सारे विसरतो. याची उलट बाजूही तेवढीच खरी. पडद्यावर जो गरिबांचा कैवारी दिसतो, तो बाहेर तसाच असेल असेही नाही. निवडणुकीत कोणी नट मते मागायला आला, तर त्याचे सिनेमातले काम पाहू नका. बाहेरचे काम विचारा.

मावशी काय म्हणाल्या

त्या रात्री आम्ही हे सगळे सांगितले आणि फळ्याकडे बोट दाखवून विचारले, "मावशी, काय करायचं? पुसायचं?"

मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, एक सांगू? माझे मालक गेले, तवा असाच एक जण घरी आला. ओरडला न्हाई, शिवी दिली न्हाई. 'वहिनी, काळजी करू नका, मी हाय' म्हनला. कोऱ्या कागदावर माझा अंगठा घेतला. ओढ्याकडचं दीड एकर गेलं. त्याला मी अजून भाऊजी म्हनते, आन् ह्या बिचाऱ्या नटाला शिव्या देते."

वर्ग चिडीचूप झाला. आम्हांलाही पुढे काय बोलावे ते सुचले नाही.

मावशींचे काही चुकले नव्हते. त्या पडद्याकडे पाहून भीत होत्या. पण ती भीती खऱ्या माणसाची होती. निळूभाऊंनी ते गोड बोलणे एवढे हुबेहूब दाखवले, ते कशासाठी? आपण घरी गेल्यावर तसा माणूस ओळखावा यासाठीच ना? वैद्य रोगाचे चित्र दाखवतो. म्हणून कोणी वैद्यालाच रोग म्हणत नाही.

दीड एकर काही परत आले नाही. ते आम्ही खोटे कशाला सांगू? पण मावशी उठल्या. फळ्यावरचे नाव त्यांनी तसेच राहू दिले. खडू घेतला आणि त्या नावाखाली स्वतःचे नाव लिहिले. अक्षर वाकडे होते, पण अंगठा नव्हता.

विचार करा आणि सांगा

1. तुमच्या मिळकतीत रुपयाला दोन आणे बाजूला काढायचे झाले, तर महिन्याला किती होतील?
2. 'सामना' सिनेमातल्या मास्तरजवळ कोणते हत्यार होते?
3. कोरा कागद पुढे करून कोणी अंगठा किंवा सही मागितली, तर तुम्ही काय म्हणाल? ते एका वाक्यात लिहा.
4. गोड बोलून फसवणारा माणूस कसा ओळखावा? वर्गात एकमेकांना सांगा.