मोठे काम की लहान काम? 'प्लेस्टेशन'च्या हिशेबातून एक धडा

खामगावच्या चांदी कारागिरापुढे एक प्रश्न नेहमीच असतो. हातातले भांडवल एका मोठ्या कामात घालावे, की जोडवी-पैंजणासारख्या रोज खपणाऱ्या मालात फिरवावे? हाच प्रश्न जपानच्या सोनी कंपनीपुढेही आहे. सोनी 'प्लेस्टेशन' हे टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेमचे यंत्र विकते आणि त्यावर चालणारे गेमही बनवते.

प्रथम मोठ्या कामाचा हिशेब पाहू. 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' हा सोनीचा गेम २०२० साली बाजारात आला. त्याचा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर झाल्याचे २०२३ साली अमेरिकेतील एका खटल्याच्या कागदपत्रांतून उघड झाले. किंमत होती ६० डॉलर. दुकानदाराचे कमिशन आणि जाहिरात बाजूला ठेवली, तरी नुसते मुद्दल सुटण्यासाठी सुमारे ३७ लाख प्रती खपायला हव्यात. २०२२ पर्यंत १ कोटीहून अधिक खपल्या, म्हणून निभावले.

पण प्रत्येक वेळी असे होत नाही. सोनीचा 'कॉनकॉर्ड' हा गेम अनेक वर्षांच्या तयारीनंतर २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला. गिऱ्हाईकच मिळाले नाही. ६ सप्टेंबरला तो बंद करून लोकांचे पैसे परत करावे लागले. पुढे तो बनविणारा कारखानाही बंद झाला.

योगायोग असा की, त्याच ६ सप्टेंबरला सोनीचाच 'अ‍ॅस्ट्रो बॉट' बाजारात आला. सुमारे ६० माणसांनी तीन वर्षांत केलेले हे काम. दोन महिन्यांत १५ लाख प्रती गेल्या आणि डिसेंबरमध्ये त्याला वर्षातील सर्वोत्कृष्ट गेमचा पुरस्कार मिळाला. आपल्या पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या कंपनीचा 'राजी' हा गेमही २०२० साली निन्टेन्डो या दुसऱ्या जपानी कंपनीच्या यंत्रावर आणि मग प्लेस्टेशनवर पोहोचला.

मग मोठे काम सोडूनच द्यावे काय? नाही. नावाजलेल्या मोठ्या गेमसाठीच पुष्कळ लोक यंत्र विकत घेतात. दुकानात मांडलेला ठळक दागिना पाहून गिऱ्हाईक आत येते, तसेच. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. दागिना विकला गेला नाही तर मोडीत चांदी तरी परत मिळते, बुडते ती मजुरी. फसलेल्या गेमची मोड होत नाही. फर्निचर, शिलाई, छपाई या धंद्यांत गिऱ्हाईकाच्या मापाने केलेला माल पडून राहिला, तर त्याचीही गत जवळपास तशीच.

म्हणून मोठे काम घेण्यापूर्वी वहीत तीन गोष्टी लिहाव्यात. मुद्दल सुटायला किती नग खपले पाहिजेत? पैसा किती महिने अडकून पडेल? माल पडून राहिला तर हातात काय उरेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'काही नाही' असेल, तर त्या कामात एवढीच रक्कम घालावी की, ती बुडाली तरी दुकान चालू राहील, कारागिरांची मजुरी वेळेवर जाईल आणि कोणाचे कर्ज अंगावर येणार नाही.

भांडवल ही अल्लाहची अमानत आहे. ते मोजूनमापून लावणे हा भित्रेपणा नव्हे. त्यातच इन्शाअल्लाह बरकत आहे.