ओटावातल्या घरासाठी हीट पंप

चि. अमेय,

हीट पंप उष्णता निर्माण करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून घरात आणतो. उणे २० अंशांच्या हवेतही ती असते. यंत्रात फिरणारा द्रव त्याहून थंड तापमानाला उकळतो, म्हणून ती त्याला शोषता येते. फ्रिजचेच काम, फक्त उलट्या दिशेने. सौम्य थंडीत एक युनिट विजेमागे सुमारे तीन युनिट ऊब मिळते. उणे १५ ला हे प्रमाण दोनच्या आसपास येते. विजेच्या साध्या हीटरमधून एकास एकच मिळते.

खरी अडचण वेगळी आहे. पारा उतरतो तशी घराची गरज वाढते आणि नेमकी तेव्हाच यंत्राची ताकद घटते. पाटीवरची ऊब देण्याची क्षमता सुमारे ८ अंशांवर मोजलेली असते. खोली पाहून दीड टनाचा एसी घेण्याची पुण्यातली सवय म्हणूनच ओटावात महाग पडते. तिथे उणे २५ अंश धरून घरातून किती उष्णता निसटते याचा हिशेब करून घ्यावा. कॅनडात त्यासाठी एफ २८० ही प्रमाणपद्धत आहे. विक्रेत्याने असा हिशेब न करता, निव्वळ घराचे क्षेत्रफळ विचारून टन सांगितले, तर दुसरा विक्रेता गाठावा. माळ्यावरचे इन्सुलेशन आणि खिडक्यांच्या फटी आधी हाताळाव्यात, म्हणजे लहान यंत्रही पुरते.

कॉम्प्रेसर इन्व्हर्टरचाच हवा. कंपनीकडून उणे १५ आणि उणे २५ अंशांवरच्या क्षमतेचा तक्ता मागावा आणि तो घराच्या गरजेशी ताडून पाहावा. वर्षातल्या मोजक्या कडाक्याच्या रात्रींसाठी अवाढव्य यंत्र घेणे शहाणपणाचे नाही. ते उरलेला हिवाळाभर चालू-बंद होत राहते. त्या रात्रींसाठी जुनी गॅसची फर्नेस ठेवावी किंवा विजेची कॉइल बसवावी. १० किलोवॉटची कॉइल २४० व्होल्टवर ४० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढते, त्यामुळे १०० अँपिअरचे जुने पॅनेल आधी इलेक्ट्रिशियनला दाखवावे. फर्नेस असेल तर कोणत्या तापमानाला पंप थांबवायचा, हे तिथल्या गॅस आणि विजेच्या दरांवर ठरते.

जमिनीतून उष्णता घेणारा पंप कडाक्यातही स्थिर चालतो, पण खोदाईचा खर्च मोठा असतो. लहान प्लॉटवर त्याच्या नादी लागू नये.

बाहेरचा भाग बर्फाच्या थराहून उंच स्टँडवर, छपराच्या ठिबकणाऱ्या कडेपासून दूर बसवावा. मधूनमधून तो स्वतःच्या कॉइलवरचे हिम वितळवतो, तेव्हा वाफा निघतात. तो बिघाड नव्हे. हीट पंपाची हवा फर्नेसइतकी कढत नसते, म्हणून ती जास्त प्रमाणात सोडावी लागते आणि अरुंद डक्ट कमी पडतात. रात्री थर्मोस्टॅट फार खाली आणू नये. सकाळी घर पुन्हा तापवताना विजेची कॉइल सुरू होते आणि वाचवलेली वीज तिच्यातच जाते.

कळावे,
काका